फिरत्या भिंगाचं दीपगृह: फेरा लांबला तर काय तपासायचं? आणि दिवसा पडदे कशाला?

गलबत
रॉकेलची बत्ती, पाऱ्यावर तरंगणारं भिंग, वजनावर चालणारं घड्याळयंत्र अशा जुन्या दीपगृहाबद्दल दोन शंका आहेत. 20 सेकंदांचा फेरा 24 वर गेला तर दीपरक्षक काय तपासायचे? दिवा तर पेटलेलाच असतो, मग चार सेकंदांनी असं काय बिघडतं? दुसरं म्हणजे, बत्ती बंद असताना दिवसा वरच्या खोलीला पडदे कशासाठी?

सुकाणू
चार सेकंदांनी बरंच बिघडतं. भिंगाला चार फलक असतील तर 20 सेकंदांच्या फेऱ्यात दर 5 सेकंदांनी झोत दिसतो. फेरा 24 चा झाला की दर 6 सेकंदांनी. नकाशावर 5 छापलेले आणि खलाशाने मोजले 6, तर तो हे दुसरंच दीपगृह समजणार. मंद दिवा निदान उशिरा तरी दिसतो. चुकीच्या ठेक्याचा दिवा सरळ फसवतो.

फेरा एकच मोजू नका. भिंगाच्या चौकटीवर खडूची खूण करा आणि दहा फेरे मोजा, 200 सेकंद यायला हवेत. कमीजास्त आले तर यंत्राचा दात सोडवून भिंग हाताने ढकलून बघा. कित्येक टनांचं भिंगही पाऱ्यावर एका बोटाने हललं पाहिजे. हललं तर दोष यंत्रात: थंडीने घट्ट झालेलं वंगण, गती आवरणाऱ्या पंख्यांची बिघडलेली जुळणी किंवा नळीत घासणारं वजन. जड गेलं तर पारा बघा. वर धूळ आणि मळी साचते, नाहीतर पातळी उतरून तरंगता भाग कुंडाला टेकतो.

चावी भरायची वेळ मनोऱ्याच्या उंचीवर ठरते. कुठे अर्ध्या तासाने, कुठे काही तासांनी. यंत्र बंदच पडलं तर रात्रभर घड्याळ समोर ठेवून भिंग हाताने फिरवायचं, दुसरा इलाज नाही.

भरती-ओहोटी
पारा गाळताना खिडक्या उघड्या हव्यात. मऊ कातड्यातून गाळला की मळी वर राहते. सोन्याची अंगठी आधी काढा, अ‍ॅल्युमिनियमचं भांडं वापरू नका. पारा दोन्ही खातो. सांडला तर झाडू मारू नका, थेंब बारीक होऊन फटींत जातात. कागदाच्या कडेने गोळा करा, उरलेल्यावर गंधकाची पूड टाका. दीपरक्षकांचं डोकं एकांताने फिरतं असं सर्रास म्हटलं जायचं. पण हात कापणं, चिडचिड, विसराळूपणा ही पाऱ्याच्या वाफेचीही लक्षणं आहेत.

कंदील
पडद्यांचं कारण साधं आहे. भिंग दोन्हीकडून काम करतं. रात्री दिव्याचा उजेड बाहेर फेकतं, दिवसा सूर्याचा आत गोळा करतं. सूर्य क्षितिजाजवळ असताना किरण थेट बत्तीवर येतात, तेव्हा धोका जास्त. मँटल (ज्योतीने तापून उजेड देणारी जाळी) जातो, धातूच्या सांध्यांचा डाख वितळतो, आगही लागू शकते. पडदे नसतील तर काही ठिकाणी दिवसाही भिंग फिरतं ठेवतात, म्हणजे ऊन एका जागी टिकत नाही.

बत्तीची उंचीही याच हिशोबातली. पहिल्या वर्गाच्या मोठ्या भिंगाचं नाभीय अंतर (बत्तीपासून भिंगापर्यंतचं) 920 मिमी. मँटल 10 मिमी खाली बसला तर झोत सुमारे 0.6 अंश वर उचलला जातो; 10 सागरी मैलांवर त्याचा सर्वांत तेजस्वी भाग जवळजवळ 200 मीटर वरून जातो. म्हणून मँटल बदलल्यावर उंची पुन्हा मोजायचीच. बाकी बत्ती पंपाच्या स्टोव्हसारखीच: आधी स्पिरिटने तापवा, मग पंप. ज्योत पिवळी पडली की निपलमध्ये कार्बन अडकलाय, पिन मारा, नाहीतर भिंगाच्या लोलकांवर काजळी बसेल.

गलबत
आभार. लोलकांवर मीठ बसलं तर कोरड्या फडक्याने पुसलं तर चालेल?

कंदील
अजिबात नाही. मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात. आधी मऊ ब्रशने धूळ, मग स्पिरिट घातलेलं पाणी, शेवटी मऊ कातडं. अंगावर सुती एप्रन घाला, पट्ट्याचं बक्कल लोलकाला लागता कामा नये. बाहेरच्या काचा आधी गोड्या पाण्याने धुवा. त्या आतून घामेजत असतील तर वाऱ्याकडची झडप बंद आणि विरुद्ध बाजूची उघडी ठेवा.