सल्ला हवा: सेजच्या नोटबुकात बाहेरची फाइल लोड होईना (खर्च शून्य!)

अर्धवर्तुळ
नमस्कार मंडळी. एम.एस्सी. भाग २ ला आहे, शुक्रवारी सेमिनार, विषय इलिप्टिक कर्व्ह. फायनाइट फील्डवर (म्हणजे मूळसंख्या प ने भागून उरणाऱ्या बाकीच्या हिशेबात) वक्राचे बिंदू मोजायचं फंक्शन एका सीनियरने मेलवर पाठवलंय, फाइलचं नाव बिंदू.पीवाय. सेज या गणिताच्या फुकट सॉफ्टवेअरच्या ज्युपिटर नोटबुकात (ब्राउझरमध्ये चौकटी-चौकटीत कोड चालवायची वही) लोड("बिंदू.पीवाय") दिलं की "फाइल सापडली नाही" म्हणतं. फाइल तर डाउनलोड्समध्ये ढळढळीत दिसतेय. विंडोज १०, ४ जीबी रॅम, सेज डब्ल्यूएसएलमधल्या (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) उबंटूवर आहे. पैसे खर्च करायचे नाहीत, नवीन काही इन्स्टॉल करायला वेळ नाही. मॅथेमॅटिका, मॅटलॅब कृपया सुचवू नका.
(इथे रोमन अक्षरं गळतात, म्हणून कोडसुद्धा देवनागरीत लिहितेय.)

परवानाधारक
मॅथेमॅटिका घे. विद्यार्थ्यांना स्वस्तात मिळतं. मी वर्षानुवर्षं वापरतोय, असली फाइल शोधायची भानगड कधी आली नाही.

अर्धवर्तुळ
काका, मॅथेमॅटिका सुचवू नका ही ओळ वाचलीत का?

पेंग्विनप्रेमी
४ जीबीत विंडोज, त्यात उबंटू, त्यात सेज, त्यात ब्राउझर? रॅम वाढव आधी. नाहीतर विंडोज उडव आणि सरळ लिनक्स टाक. माझा जुना लॅपटॉप लिनक्सवर अजून पळतोय.

बेरीजवजाबाकी
विंडोज फाइलीचं शेपूट लपवतं. खरं नाव बिंदू.पीवाय.टीएक्सटी असेल. फोल्डरच्या व्ह्यूमध्ये जाऊन एक्स्टेन्शन दाखवायला सांग आणि बघ. माझं हेच झालं होतं, अख्खी संध्याकाळ गेली.

टर्मिनलबाबा
शेपूट बघच, पण मूळ दुखणं वेगळं वाटतंय. नुसतं नाव दिलं की सेज ती फाइल चालू फोल्डरमध्ये शोधतं, आणि ते फोल्डर म्हणजे सहसा नोटबुक जिथे आहे ते. तुझी नोटबुक उबंटूच्या होममध्ये, फाइल विंडोजच्या डाउनलोड्समध्ये. दोन वेगळी घरं. नोटबुकात ओएस इम्पोर्ट करून ओएस.गेटसीडब्ल्यूडी() चालव, कुठे उभी आहेस ते कळेल. मग एकतर फाइल नोटबुकशेजारी आणून ठेव, नाहीतर पूर्ण पत्ता दे. उबंटूतून विंडोजची सी ड्राइव्ह /एमएनटी/सी/ खाली दिसते. आणि एक्स्प्लोररमधून सी:\यूजर्स असा पत्ता उचलून चिकटवू नकोस. उलट्या तिरक्या रेघेपुढे यू आला की पायथन त्याला युनिकोडची खूण समजतं आणि भलतीच एरर देतं.

बेरीजवजाबाकी
मी तेच म्हणत होतो, शेपूट बघ.

परवानाधारक
रास्पबेरी पायवर मॅथेमॅटिका फुकट मिळतं. घ्या, झाला खर्च शून्य.

पेंग्विनप्रेमी
आणि रास्पबेरी पाय कोण देणार, तुम्ही? सेज सुरूच झालं ते मॅग्मा, मेपल, मॅथेमॅटिका, मॅटलॅब यांना मुक्त पर्याय म्हणून. विल्यम स्टाइनने २००५ मध्ये काढलं. ती मुलगी बरोबर ठिकाणी आहे.

अर्धवर्तुळ
फाइल नोटबुकशेजारी ठेवली, लोड झाली. टर्मिनलबाबा, खूप आभार. पण आता नवीनच. वक्र य^२ = क्ष^३ + क्ष + १. प = ७ घेतला तर हाताने मोजून अनंतावरच्या बिंदूसकट (तो एक जादा धरतात) ५ बिंदू येतात. फंक्शन ९ सांगतंय. लोड करताना फाइल बिघडते का?

निवृत्त_सर
हाताने मोजताना चुकलं असेल. आजकाल कागदावर गणित करायची सवयच राहिलेली नाही. प = ५ साठी मी स्वतः मोजले, ९ येतात. तुझं फंक्शन प = ५ ला काय देतं?

अर्धवर्तुळ
९ च देतं, सर.

निवृत्त_सर
मग फंक्शन बरोबर आहे. ७ चं पुन्हा मोज.

कर्नलकोंबडा
कर्नल (नोटबुकामागे कोड चालवणारा प्रोग्रॅम) रीस्टार्ट कर. सगळं त्यानेच सुटतं.

अर्धवर्तुळ
केला. ९ च.

शेषफल
सर, ७ ला ५ च येतात. क्ष = ० आणि क्ष = २ एवढेच कामाचे (त्यांनाच उजवी बाजू वर्ग येते), प्रत्येकी दोन बिंदू, वर अनंतावरचा एक. मुलीचं बरोबर आहे.

@अर्धवर्तुळ, लोडने फाइल बिघडत नाही. ती पीवाय आहे म्हणून सेज तिला शुद्ध पायथन समजून जशीच्या तशी चालवतं. नोटबुकाच्या चौकटीत किंवा .सेज फाइलीत लिहिलेला कोड आधी सेजच्या चाळणीतून जातो आणि ^ चा घात होतो. पायथनमध्ये घात म्हणजे दोन फुल्या, **. तिथे ^ म्हणजे बिटांचं एक्सऑर (दोन संख्यांचे बिट जुळले तर ०, नाहीतर १), आणि ते बेरजेनंतर होतं. त्यामुळे तुझं क्ष^३ + क्ष + १ प्रत्यक्षात क्ष ^ (क्ष + ४) झालंय. ० ते ३ पर्यंत प्रत्येक क्षला त्याचं उत्तर ४ येतं. ४ हा वर्ग आहे, म्हणून प्रत्येकी दोन असे ८ बिंदू, वर अनंताचा एक: ९. त्यापुढच्या क्षला १२ येतात, आणि १२ ना ५ च्या हिशेबात वर्ग ना ७ च्या. म्हणून ५ ला पण ९, ७ ला पण ९. ५ ला खरं उत्तरही ९ च, हा निव्वळ योगायोग. त्याच योगायोगाने सरांना फसवलं.

उपाय: फाइलीचं नाव बदलून बिंदू.सेज कर. नाहीतर आत सगळीकडे ^ च्या जागी ** घाल.

निवृत्त_सर
५ चं मी बरोबरच मोजलं होतं.

लॅबअसिस्टंट
पीवाय फाइलीत भागाकारही सांभाळा. आमच्या लॅबमध्ये १/२ चं उत्तर शून्य येतं.

टर्मिनलबाबा
तुमचं सेज ९.० च्या आधीचं असणार. जानेवारी २०२० मध्ये ९.० आलं आणि पायथन ३ वर गेलं. आता पीवाय फाइलीत १/२ म्हणजे ०.५, सेज फाइलीत खरा अपूर्णांक १/२. अपडेट करा.

लॅबअसिस्टंट
अपडेट करायला ज्यांची सही लागते ते रजेवर आहेत. कायमच असतात.

पायथनपंत
हे लोडबिड सोडा. व्यवस्थित इम्पोर्ट करा, शिस्त लागते.

शेषफल
इम्पोर्टनेही ^ चा घात होत नाही. त्यातून फाइलीत इलिप्टिककर्व्ह, क्यूक्यू (परिमेय संख्या) असं सेजचं काही वापरलं असेल तर नावच ओळखत नाही, सेज.ऑल आधी आणावं लागतं. शिवाय फाइल बदलली तरी पुन्हा इम्पोर्ट केल्यावर जुनंच चालतं, रीलोड करावं लागतं. लोड निदान दर वेळी फाइल नव्याने वाचतं. सेमिनारच्या आठवड्यात शिस्त नको.

बेरीजवजाबाकी
नाव बदलताना शेपूट नीट बघ हं. बिंदू.सेज.पीवाय होऊन बसेल.

अर्धवर्तुळ
सगळ्यांचे आभार. शेवटी फाइल उघडली, सगळा कोड कॉपी केला आणि नोटबुकाच्या पहिल्या चौकटीत चिकटवला. ७ ला ५ आले. लोडच नको आता.

टर्मिनलबाबा
अगं, उद्या दुसऱ्या नोटबुकात लागलं तर? तिथेही चिकटवशील? नुसतं नाव बदलायचं होतं!

अर्धवर्तुळ
उद्या दुसरी नोटबुक नाही, शुक्रवारी सेमिनार आहे.

परवानाधारक
मॅथेमॅटिकात हा प्रश्नच आला नसता.

नवीन_सदस्य
माझंही असंच होतंय, फक्त मॅटलॅबमध्ये. इथेच विचारू की नवा धागा काढू?