मदत हवी आहे: सरडे-कासवं विकताना गिऱ्हाइकाला 'नाही' कसं म्हणायचं?

नमस्कार मंडळी,

मी पाळीव प्राण्यांच्या दुकानात कामाला आहे. आधी माझ्याकडे मासे आणि पक्षी होते. तीन महिन्यांपूर्वी सरपटणाऱ्या प्राण्यांचा विभागही गळ्यात पडला.

गेल्या आठवड्यात एक बाई बिअर्डेड ड्रॅगन (सरड्याची एक जात) परत घेऊन आल्या. मीच विकलेला. मागचे पाय वाकडे, जबडा मऊ पडलेला, चालताना थरथर. टाकी खिडकीशी ठेवली होती, "ऊन मिळतंच की!" म्हणाल्या. पण यूव्हीबी किरण (उन्हातल्या अतिनील किरणांचा एक प्रकार) काचेतून जवळजवळ येतच नाहीत. ते नसले की अंगात डी३ जीवनसत्त्व तयार होत नाही आणि पोटात गेलेलं कॅल्शियम हाडांना लागत नाही. विकताना मी यूव्हीबीचा दिवा दाखवला होता. "नंतर बघू" म्हणाल्या आणि मी मान डोलावली. ती मान आता खुपते. जनावर सध्या डॉक्टरांकडे आहे.

आता मी म्हणतो, आधी टाकी, दिवा आणि थर्मोस्टॅट घरी लावा. उबेची जागा ४० अंशांच्या आसपास आणि गार कोपरा २५ च्या जवळ, असं दोन-तीन दिवस मोजून फोटो दाखवा, मग प्राणी न्या. मालक म्हणतात, गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल. त्यांचंही अगदीच चूक नाही.

सगळ्यात अडतं ते कासवांपाशी. रेड-इअर्ड स्लायडरचं पिल्लू तळहातावर मावतं, म्हणून लोक छोट्या भांड्यासकट मागतात. मादी वाढून २५-३० सेंमी होते, वीस-तीस वर्षं जगते, हे सांगितलं की हसतात. त्यात घरी पाच वर्षांखालचं मूल असेल तर साल्मोनेलाची, म्हणजे कासवांकडून येणाऱ्या पोटाच्या आजाराच्या जंतूंची भीती. अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवं पाळायला विकण्यावर बंदी आहे ती याचमुळे, मुलं ती तोंडात घालत.

तर, उलटतपासणी न वाटता हे कसं विचारावं? आणि वाढलेलं कासव परत आणलं तर दुकानानं घ्यावं का?

प्रतिसाद १
प्रश्न विचारू नका, काम द्या. ड्रॅगन घ्यायला आलेल्याला चिमट्यानं जिवंत किडा भरवायला लावा. बरेच जण तिथेच मागे सरतात, तुम्हाला 'नाही' म्हणावंच लागत नाही. आणि दिव्यावर बसवल्याची तारीख लिहून द्या. उजेड दिसत राहतो पण यूव्हीबी कमी होत जातं, साधारण वर्षाच्या आत दिवा बदलावा लागतो. हे लोकांना माहीतच नसतं.

प्रतिसाद २
परत घ्यावंच. नाहीतर ते तळ्यात सोडतात आणि तिथल्या कासवांच्या मुळावर येतं. फक्त परत आलेला प्राणी थेट बाकीच्यांत ठेवू नका. निदान महिनाभर वेगळा, भांडी-चिमटेही वेगळे. बॉल पायथन (अजगराची एक जात) विकत असाल तर त्यानं कधी काय खाल्लं त्याची नोंद सोबत द्या. नव्या घरी तो उपाशी राहिला की पहिला फोन तुम्हालाच येणार.

धागाकर्ता
दोघांचे आभार. किड्यांची युक्ती आज करून पाहिली. एक मुलगा आनंदानं भरवत बसला, त्याचे वडील मात्र दाराबाहेर! पुढच्या आठवड्यात टाकीचा फोटो घेऊन येतो म्हणालेत. मालकांना परत घेण्याचं पटवतोय, पण जागेचं गणित जमत नाहीये. मोठ्या कासवांसाठी कोणी काय सोय केलीय, तेवढं सांगा.