घडीव, ठोकीव की बांधीव? पत्र्याच्या गाडीचे शब्द

प्रश्न, छत्रपती संभाजीनगरहून :
आमच्या ओळखीतले एक मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. एका जुन्या चासीवर ते 1950 च्या दशकातल्या वळणाची, दोन माणसांची उघडी गाडी तयार करायलेत. मडगार्ड, बॉनेट, दारं, मागचा भाग, सगळं ॲल्युमिनियमच्या सपाट पत्र्यातून आणि हातानं. गाडी एका प्रदर्शनात उभी राहणार आहे आणि शेजारच्या फलकाचा मजकूर माझ्या गळ्यात पडलाय. 'हाताने बनवलेली विंटेज गाडी' लिहावं तर चाचा म्हणतात, "बनवलेली तर भजी पण असतात." मग क्रियापद कोणतं? शिवाय पत्रा ज्या लाकडी ढाच्यावर लावून बघतात त्याला काय म्हणायचं? आणि शेवटी बारीक बारीक ठोके देऊन पत्रा एकसारखा करतात, त्या कामाला मराठीत शब्द आहे का?

जालनेकर :
आधी 'ठोकणे' बाद करा. 'चाचांनी गाडी ठोकली' असं फलकावर लिहिलं तर लोक विचारतील, कुठं, लागलं तर नाही ना? 'घडीव' घ्या. ओतीव, कोरीव, घडीव ही जुनी तिकडी आहे. वितळवून साच्यात ओतलं ते ओतीव, घणाखाली आकार दिला ते घडीव. आमच्या बाजारात अजून 'घडीव लोखंड' आणि 'बीड' असा फरक करतात. (बीड म्हणजे ओतीव लोखंड. बीडच्या पाहुण्यांनी अंगाला लावून घेऊ नये.) 'घडीव पत्र्याची गाडी' एवढ्यातच हातानं केलीय हे येतं, वेगळं सांगायची गरज नाही.

लातूरकर :
घडीव चांगला आहे, पण चालता शब्द 'बांधणे' आहे. ट्रकची बॉडी बांधतात. एसटीच्या चिकलठाण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळेत बसबांधणी होते, तिथं कुणी 'बसघडणी' म्हणत नाही. तुमच्याच शहरातला शब्द सोडून दूर कशाला जाता?

जालनेकर :
बसचा पत्रा बहुतेक सपाट असतो भाऊ. सांगाडा उभा करायचा, पत्रा कापायचा, रिवेट मारायचे, ती बांधणीच. मडगार्डला दोन्ही अंगांनी गोलाई असते. सपाट पत्रा नुसता वाकवून तो आकार येत नाही. मधला भाग ताणून पातळ करावा लागतो, नाहीतर कडा आटवून जाड कराव्या लागतात. म्हणजे धातू जागचा हलतो. याला बांधणी कशी म्हणणार?

परभणीकर (सध्या पुणे) :
दोघंही बरोबर आहात, फक्त वेगवेगळ्या थराबद्दल बोलायलात. मिलानच्या कारोझेरिया टूरिंग या गाड्यांच्या बॉडी करणाऱ्या कंपनीनं 1930 च्या दशकात 'सुपरलेजेरा', म्हणजे अतिहलकी, नावाची पद्धत काढली. बारीक पोलादी नळ्यांचा पिंजरा आणि त्यावर हातानं आकार दिलेलं ॲल्युमिनियम. यातला पिंजरा बांधतात, पत्रा घडवतात. जग्वार एक्सके 120 च्या सुरुवातीच्या सुमारे 240 गाड्यांनाही ॲश लाकडाच्या चौकटीवर ॲल्युमिनियमचे पत्रे होते. मागणी एवढी वाढली की 1950 मध्ये कंपनी दाबयंत्रावर काढलेल्या पोलादी बॉडीवर गेली. या दुसऱ्या प्रकाराला मी 'दाबीव' म्हणेन, शब्द कानाला बरा लागत नसला तरी.

नांदेडकर :
निजामाच्या काळात गाडी अशी दोन हातांतूनच यायची. रोल्स-रॉइस चासी आणि इंजिन द्यायची, वरची बॉडी दुसराच कारागीर करायचा. सहावे निजाम महबूब अली खान यांच्यासाठीच्या 1912 च्या रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट गाडीची बॉडी लंडनच्या बार्करनं केली होती, आत तख्तासारखी बैठक. गाडी यायच्या आधी, 1911 मध्येच ते वारले. हे बॉडीवाले मूळचे बग्ग्या बांधणारे, म्हणून लातूरकरांच्या 'बांधणे'ला तिकडूनही आधार आहे.

ढाच्याबद्दल : 'साचा' म्हणू नका. साच्यात ओततात किंवा दाबतात. चाचांच्या लाकडावर पत्रा ठोकतात का, की नुसता बसवून बघतात?

मूळ प्रश्नकर्ता :
नुसता बसवून बघतात. प्लायवूडचे उभे-आडवे काप एकमेकांत अडकवलेत, मधे सगळं पोकळ. पत्रा वर ठेवायचा, कुठं टेकतो, कुठं फट राहते ते बघायचं, खडूनं खूण करायची आणि परत वाळूच्या पिशवीवर न्यायचा. मारायला लाकडी मोगरी, टेकू म्हणून रुळाचा तुकडा. चाचा त्या लाकडाला 'फर्मा' म्हणतात.

नांदेडकर :
मग फर्माच लिहा. आमच्याकडं जुने लोक 'कलबूत' म्हणायचे, चांभार जोडा ज्यावर चढवतो ते. शब्द देखणा आहे, पण आजच्या पोराला फलक वाचताना अडायला होईल. कारागीर रोज जे बोलतो तेच राहू द्या.

परभणीकर (सध्या पुणे) :
तिसऱ्या प्रश्नाला शब्द तयार आहे : मठारणे. पुण्यात तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांचं मठारकाम चालतं. भांडं घडून झालं की हलक्या हातानं शेजारी शेजारी ठोके देत जातात, त्यानं पत्रा कडक होतो.

जालनेकर :
पण मठारलेल्या भांड्यावर ठोके दिसतात. तीच त्याची शोभा. गाडीच्या पत्र्यावर ठोका दिसला तर चाचा तो परत काढतील.

परभणीकर (सध्या पुणे) :
क्रिया एकच आहे हो. खाली टेकू, वर गुळगुळीत तोंडाची हातोडी, एकावर एक येणारे हलके ठोके. भांड्यावर ठोक्याची खूण ठेवतात, गाडीवर सपाट तोंडाच्या हातोडीनं आणि नंतर कानशीनं ती मिटवतात. 'गुळगुळीत मठारणे' म्हणा हवं तर. डेंटिंगवाले जे 'पोचा काढणे' म्हणतात ते मात्र वेगळं. पोचा आधी पडलेला असावा लागतो.

लातूरकर :
नुसत्या ठोक्यांनी पत्रा कडक होत गेला तर पुढं चिरणार नाही का?

मूळ प्रश्नकर्ता :
चिरतो ना. म्हणून मधे मधे ताव द्यावा लागतो. लोखंड तापलं की लाल होतं, डोळ्याला कळतं. ॲल्युमिनियम रंगच बदलत नाही, 660 अंशांना थेट वितळून खाली बसतं. चाचा पत्र्यावर कपड्याचा साबण घासतात आणि मागून गॅसची ज्योत फिरवतात. साबण काळपट पडला की ज्योत बाजूला. गार झाल्यावर तोच पत्रा हातानं वाकतो.

नांदेडकर :
'ताव देणे' हे फलकावर यायलाच पाहिजे! लोकांना आता ताव फक्त मिशीला देतात नाहीतर जेवणावर मारतात एवढंच माहीत आहे. मूळ शब्द तापाचा, भट्टीचा.

कडा आटवायला काय करतात? बैलगाडीच्या चाकाची धाव, म्हणजे वरची लोखंडी पट्टी, तापवून चढवतात आणि पाणी मारतात, की ती आटून चाक आवळते. तसं काही?

मूळ प्रश्नकर्ता :
पोलादी पत्र्याला तसंच, फक्त रुपयाएवढी जागा लाल करून वर ओलं फडकं. ॲल्युमिनियमला चाचा कडेवर चुण्या पाडतात, साडीच्या निऱ्यांसारख्या, आणि टोकाकडून आत ठोकत ठोकत त्या मिटवतात. चुणी उलगडून पसरू द्यायची नाही, जागच्या जागी दाबायची. कड आखूड होते, पत्रा तिथं जाड होतो. याला ते 'चुणी मारणे' म्हणतात.

जालनेकर :
हा शब्द तर सगळ्यात भारी. चर्चा सुरू करायच्या आधीच तुमच्याकडं होता की!

लातूरकर :
एक राहिलं. 'विंटेज' काढा. 2021 च्या केंद्राच्या नियमात विंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं उलटलेली आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरबदल न केलेली दुचाकी किंवा चारचाकी. तुमच्या गाडीची चासी जुनी असली तरी बॉडी नवी कोरी आहे. प्रदर्शनात उभी करायला हरकत नाही, रस्त्यावर काढायची असेल तर आधी आरटीओत विचारा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये गाडीत फेरबदल करण्यावर बंधनं आहेत.

मूळ प्रश्नकर्ता :
विंटेज काढलं. आत्ताचा मजकूर असा :

'जुन्या चासीवर नळ्यांचा सांगाडा बांधून त्यावर घडीव ॲल्युमिनियम पत्रा. आकार लाकडी फर्म्यावर ताडून पाहिलेला. ताव देऊन, चुणी मारून, मठारून तयार केलेली 1950 च्या दशकातल्या धाटणीची गाडी.'

चाचांना वाचून दाखवलं. म्हणाले, बाकी ठीक, पण मजुरीचं कुठं लिहिलंय?

जालनेकर :
त्यालाही शब्द आहे, सोनाराकडचा : घडणावळ. आकडा मात्र फलकावर टाकू नका, पुढचं गिऱ्हाईक पळून जाईल.

नांदेडकर :
'तयार केलेली' काढून 'घडवलेली' करा. वर घडीव आलंय, त्यामुळं दोनदा होतंय असं वाटत असेल तर वरचं 'घडीव' काढा आणि क्रियापद ठेवा.