शब्दचर्चा: 'कैफियत' कोर्टातली आणि कोर्टाबाहेरची

प्रश्न: ब्रिटिश काळातल्या दिवाणी दाव्यांवरचा एक लेख मराठीत आणते आहे. पक्षकार कोर्टात आपली गोष्ट कशी सांगत, हा त्याचा विषय. 'रिटन स्टेटमेंट'ला, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराला, 'कैफियत' लिहिलं, तर पुढच्याच ओळीत 'नॅरेटिव्ह' येतं आणि तिथेही मला कैफियतच सुचतं. दोन्हीकडे एकच शब्द चालेल का?

उत्तर: ताई, ही अडचण त्या शब्दातच आहे. अरबीत 'कैफ' म्हणजे 'कसं'. कैफियत म्हणजे एखादी गोष्ट कशी आहे, कशी घडली ते. 'होळकरांची कैफियत' घराण्याची हकीकत सांगते, कोर्टाचा तिच्याशी संबंध नाही. मराठेशाहीत वतनाच्या तंट्यात पक्षकार करीना, म्हणजे आपली लेखी हकीकत, लिहून देत: मूळ पुरुष कोण, वतन कसं मिळालं, गाव सोडून कोण गेलं, परतल्यावर भाऊबंदांनी काय केलं. तिथे गोष्ट सांगणं हेच वाद मांडणं होतं.

पुढे 1859 साली दिवाणी प्रक्रिया संहिता आली. आजच्या 1908 च्या संहितेतला आदेश 6, नियम 2 सांगतो की पक्षकाराने फक्त महत्त्वाच्या घटना थोडक्यात मांडाव्यात, पुरावा नाही. शब्द राहिला, गोष्ट कापली गेली.

रखमाबाईंचा खटला पाहा. पत्नीने नांदायला यावं म्हणून त्यांचे पती दादाजी भिकाजींनी 1884 मध्ये मुंबई हायकोर्टात दावा लावला. कोर्टापुढचा मुद्दा पतीच्या हक्काचा होता. बालविवाहामुळे मुलीचं शिक्षण कसं तुटतं, हे रखमाबाईंनी 1885 मध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'हिंदू लेडी' या नावाने लिहिलं. मला तर ती पत्रंच त्यांची खरी कैफियत वाटतात.

आणखी एक उत्तर: मी तालुका कोर्टात कैफियती टाइप करतो, म्हणून लिहितो. परवा एक आजी आल्या. दिराने बांध कोरला, त्यावरची बाभूळ त्यांच्या सासऱ्यांनी लावलेली, ती कुठल्या पावसाळ्यात तोडली, सगळं सांगितलं. कागदावर उतरलं ते असं: 'दाव्यातील कलम 4 मधील मजकूर खरा नसून तो प्रतिवादीस मान्य व कबूल नाही.' आजींनी वाचून घेतलं आणि विचारलं, "बाभूळ कुठंय यात?" आमच्याकडे कैफियत म्हणजे हा कागद. लेखात 'लेखी कैफियत' लिहा, वकिलांना लगेच कळेल.

प्रश्नकर्ती: काका, तुमच्या त्या आजींनी प्रश्न सोडवला. कागदाला 'लेखी कैफियत', माणूस सांगतो त्याला 'हकीकत'. 'कथन' घालून पाहिलं होतं, पण ते फार पुस्तकी वाटलं. लेखात एके ठिकाणी मात्र बाई कागद बाजूला ठेवून न्यायाधीशांशी थेट बोलू लागते. तिथे 'तिने आपली कैफियत मांडली' असंच ठेवते.