मदत हवी आहे: ए.व्ही. रिसीव्हर तापून बंद पडतो, एआरसीवर आवाजही तुटतो

वऱ्हाडी_सूर

नमस्कार मंडळी. होम थिएटरच्या ए.व्ही. रिसीव्हरबद्दल (टीव्ही-सिनेमाचा आवाज सगळ्या स्पीकरना पुरवणारा अ‍ॅम्प्लिफायर) जाणकारांचा सल्ला हवा आहे.

गाव अकोला. रिसीव्हर ७.२ चॅनेलचा (सात स्पीकर, दोन सबवूफरची सोय), ८ ओहमला (ओहम म्हणजे स्पीकरचा विद्युत रोध) ९० वॅट, तेही दोनच चॅनेल चालू असताना. पुढचे दोन फ्लोअरस्टँडर (जमिनीवर उभे राहणारे स्पीकर) ४ ओहमचे, सेन्सिटिव्हिटी ८७ डीबी. सेंटर ६ ओहमचा. खोली लांब असल्यामुळे मागे चार सीलिंग स्पीकर आहेत, प्रत्येकी ८ ओहमचे. वायरिंग करताना ते दोन-दोन समांतर जोडून सराउंडच्या (बाजूच्या-मागच्या आवाजाच्या) दोन टर्मिनलना दिले आहेत. १० इंची पॉवर्ड सबवूफर. बसायची जागा स्पीकरपासून ३.२ मीटर.

रिसीव्हर टीव्ही युनिटच्या कप्प्यात आहे. कप्पा आतून ६० सेमी रुंद, २१ सेमी उंच, ४५ सेमी खोल. रिसीव्हर १७ सेमी उंच, ३८ सेमी खोल. मागे पूर्ण प्लाय, वायरींपुरतं ५ सेमीचं भोक. समोरचं काचेचं दार उघडंच ठेवतो.

सिनेमा व्हॉल्यूम -१२ वर लावला की पाऊण तासात रिसीव्हर बंद पडतो आणि लाल दिवा सावकाश लुकलुकत राहतो. झाकणावर हात ठेवता येत नाही. नुसत्या बातम्या लावल्या तरी चांगलाच गरम होतो. दुसरी तक्रार: टीव्हीवरून एआरसीने (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलनेच रिसीव्हरकडे आणणारी सोय) ऐकताना मधेच एखाद-दोन सेकंद आवाज जातो, आणि संवाद ओठांच्या मागे पडतात.

ऑटो कॅलिब्रेशनने (माइक लावून रिसीव्हर स्वतः करतो ती मोजणी) पुढचे स्पीकर ‘लार्ज’ धरलेत. रिसीव्हरचं इम्पिडन्स सेटिंग (स्पीकर किती ओहमचे ते सांगणारं) ८ ओहमवर आहे. दुकानदार म्हणतो ४ वर टाका, मेकॅनिक म्हणतो बोर्ड बदला. कोणाचं ऐकू?

ओहमकार

इतकी माहिती दिलीत, काम सोपं झालं. बोर्डाचा विषय तूर्तास बाजूला ठेवा. बऱ्याच मॉडेलमध्ये दिवा साधारण दर २ सेकंदांनी लुकलुकला तर आतलं तापमान वाढलं असा अर्थ असतो. अर्ध्या सेकंदाने भरभर लुकलुकला तर स्पीकरची वायर शॉर्ट आहे किंवा आउटपुट स्टेज गेली आहे. मॅन्युअलच्या शेवटी ट्रबलशूटिंगमध्ये हे दिलेलं असतं, जुळवून पाहा.

मला खटकतंय ते सीलिंगचं वायरिंग. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ४ ओहम होतात. म्हणजे तुमच्या पाच चॅनेलपैकी चार ४ ओहमवर चालताहेत. क्लास एबी अ‍ॅम्प्लिफायरची रेल (आतला डीसी पुरवठा) ±४५ व्होल्ट धरली, तर एका चॅनेलच्या ट्रान्झिस्टरवर जास्तीत जास्त उष्णता ८ ओहमला ५१ वॅट होते आणि ४ ओहमला १०३ वॅट. हा हिशोब साइन वेव्हचा आहे, सिनेमात सरासरी बरीच कमी असते. पण दुपटीचं प्रमाण तेच राहतं. आणि ही सर्वाधिक उष्णता पूर्ण आवाजाला नसते, कमाल पॉवरच्या साधारण ४० टक्क्यांवर असते. त्यामुळे ‘मी कुठे फुल्ल लावतो’ हा बचाव इथे चालत नाही.

आता मोजा. प्लग काढून ठेवा. रिसीव्हरच्या मागच्या सगळ्या स्पीकर वायरी सोडवा, मल्टिमीटर २०० ओहमच्या रेंजवर लावा. दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून येणारं रीडिंग नंतर वजा करायचं. ८ ओहमच्या स्पीकरला साधारण ६ ते ७ दिसतं, ४ ओहमच्याला ३ ते ३.५. टर्मिनलजवळ तांब्याची एखादी सुटी काडी शेजारच्याला टेकतेय का तेही बॅटरी मारून पाहा. मग मेनूत सराउंड ‘नन’ करा, त्या वायरी सुट्याच राहू द्या, आणि तोच सिनेमा त्याच आवाजात चालवा. बाकी काही बदलू नका. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या की कशाने फरक पडला ते कळत नाही.

तांब्याची_तार

दुकानदाराच्या ४ ओहमबद्दल. त्या सेटिंगने अ‍ॅम्प्लिफायर काही मजबूत होत नाही. बहुतेक मॉडेलमध्ये ते रेल व्होल्टेज खाली आणतं, काहींत करंटला लगाम घालतं. उष्णता कमी होते कारण पॉवरच कमी होते, आणि मोठ्या आवाजाचे क्षण लवकर क्लिप होतात (टोकं कापली जाऊन आवाज फाटतो). मी ते ८ वरच ठेवीन आणि खरी कारणं काढीन.

कप्प्याचं बोलू. मॅन्युअलमध्ये चालवायचं तापमान बहुधा ५ ते ३५ अंश दिलेलं असतं, आणि ते खोलीचं नसतं, रिसीव्हर जी हवा आत ओढतो तिचं असतं. मे महिन्यात तुमच्याकडे खोलीच ३२-३३ला असते. वर ४ सेमी जागा, मागे प्लाय. म्हणजे तीच गरम हवा रिसीव्हर पुन्हा पुन्हा पितोय. दार उघडं असून उपयोग नाही, हवेला मागून वाट नाही.

१५० वॅट उष्णता बाहेर काढायची आणि कप्प्यातली हवा खोलीपेक्षा ८ अंशांहून जास्त तापू द्यायची नाही, तर ताशी ५६ घनमीटर, म्हणजे साधारण ३३ सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा लागते. १२० मिमीचे दोन १२ व्होल्टचे कॉम्प्युटर फॅन ७ व्होल्टवर चालवले तर अडथळे धरूनही हे जमतं आणि संवादांवर घरघर येत नाही. सुताराकडून मागच्या प्लायला वरच्या बाजूस साडेचार इंची होल सॉने दोन भोकं पाडून घ्या. स्क्रूच्या भोकांचं अंतर १०५ मिमी. फॅन प्लायच्या बाहेरून बसवा, हवा बाहेर फेकणारे, आणि युनिट भिंतीपासून ८-१० सेमी पुढे घ्या. काच कधी लावणार असाल तर खाली हवा आत यायला तितकीच जागा हवी: ६० सेमी रुंद, ४ सेमी उंच फट. फॅन रिसीव्हरवर वरून खाली हवा मारेल असा ठेवू नका. गरम हवा आपसूक वर जात असते, तिच्याशीच मारामारी होते.

फॅनची वीज रिसीव्हरच्या १२ व्होल्ट ट्रिगरमधून (दुसरं उपकरण चालू करायचा सिग्नल देणारं सॉकेट) घेऊ नका. तो बऱ्याच ठिकाणी १५० मिलिअ‍ॅम्पिअरचाच असतो, एखाद्या रिलेपुरता. वेगळा १२ व्होल्ट १ अ‍ॅम्पिअरचा अ‍ॅडॉप्टर घ्या. मधे डब्ल्यू-१२०९ थर्मोस्टॅट मॉड्यूल आणि फॅनच्या वाटेवर ७ व्होल्टला लावलेला बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करणारं मॉड्यूल). थर्मोस्टॅट मॉड्यूलचा सेन्सर हीट सिंकवरच्या (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) जाळीला चिकटवा. त्याच्या सेटिंगमध्ये पी-० ‘सी’वर (कूलिंग), तापमान ४५, पी-१ (चालू-बंदमधला फरक) मध्ये ५. मग ४५ला सुरू होऊन ४०ला बंद होतो, आणि रिसीव्हर बंद केल्यावरही गार होईपर्यंत फिरत राहतो.

वऱ्हाडी_सूर

मोजलं. सीलिंग डावी जोडी ३.३, उजवी ३.४. पुढचे ३.५, सेंटर ५.२. सुटी काडी कुठे नाही. सराउंड काढून तोच सिनेमा लावला, अखेरपर्यंत चालला. झाकण गरम होतंच, पण हात ठेवता येत होता. मग आता सीलिंगचं काय करू? आणि पुढच्या स्पीकरचाही वाटा आहे का यात?

ओहमकार

दोन रस्ते आहेत. तुमचा रिसीव्हर सात चॅनेलचा आहे आणि सराउंड बॅकची दोन टर्मिनलं रिकामी आहेत. सीलिंगमधली मागची जोडी (मागचा डावा आणि मागचा उजवा) तिथे द्या. प्रत्येक चॅनेलला ८ ओहम दिसेल आणि अंतरही वेगवेगळं भरता येईल. आवाज १ मिलिसेकंदात साधारण ३४ सेमी जातो. पुढच्या आणि मागच्या जोडीत ३ मीटर अंतर असेल तर जवळजवळ ९ मिलिसेकंदांचा फरक पडतो, आणि समांतर जोडणीत तो कधीच भरून काढता येत नाही. अ‍ॅम्प असाइनमध्ये (जादा चॅनेल कशाला द्यायचे ते ठरवणारा मेनू) ‘सराउंड बॅक’ निवडायला विसरू नका. तिथे झोन २ (दुसरी खोली) किंवा बाय-अ‍ॅम्प (एका स्पीकरला दोन चॅनेल) असेल तर स्पीकर मुकेच राहतील.

दुसरा रस्ता, दोन्ही सिरीजमध्ये जोडून १६ ओहम. ऐकायला उलटं वाटेल, पण निव्वळ उष्णतेच्या हिशोबात हाच थंड: तेवढ्याच आवाजाला समांतरपेक्षा निम्मा करंट लागतो. मात्र दोन्ही स्पीकर एकाच मॉडेलचे हवेत, आणि लेव्हल सुमारे ६ डीबी वर न्यावी लागते. पहिल्या रस्त्यात एकूण उष्णता फारशी घटत नाही, ती चार चॅनेलवर वाटली जाते. मी तरी पहिलाच घेईन. सराउंडला सिनेमाभर काम कमीच असतं.

पुढच्या स्पीकरचा वाटा मोठा आहे. रेफरन्स लेव्हलला (व्हॉल्यूम ०) पीक १०५ डीबी, म्हणजे -१२ वर ९३. तुमचे स्पीकर २.८३ व्होल्टला, म्हणजे ४ ओहमवर २ वॅटला, एक मीटरवर ८७ डीबी देतात. ३.२ मीटरवर घरातल्या खोलीत साधारण ८० उरतात. वर १३ डीबी हवेत, म्हणजे वीसपट: ४० वॅट. इथवर ठीक. पण रूम करेक्शनने (खोलीनुसार रिसीव्हर आवाजात करतो ती दुरुस्ती) ५०-६० हर्ट्झला ६ डीबी बूस्ट दिला असेल तर तिथे चौपट, १६० वॅट. तुमच्याकडे ते नाहीतच. वर डायनॅमिक ईक्यू चालू असेल तर कमी आवाजालाही बास आणि सराउंड तो स्वतःच चढवतो.

म्हणून ‘लार्ज’ काढून ‘स्मॉल’ करा, क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा बास सबवूफरकडे जातो तो आकडा) ८० हर्ट्झ. ‘एलएफई + मेन’ बंद (एलएफई म्हणजे सिनेमातला वेगळा बास चॅनेल). एलएफईचा लो-पास १२० वर. ‘लार्ज’ हा स्पीकरच्या आकाराचा मान नव्हे; खालचा बास कोणाच्या गळ्यात घालायचा एवढंच ते सेटिंग ठरवतं. तुमच्या सबवूफरला स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर आहे, ते ओझं त्याचं. क्रॉसओव्हर कॅलिब्रेशनने दिलेल्या आकड्याच्या वर न्यायला हरकत नाही, खाली मात्र नेऊ नका.

बातम्यांच्या वेळी गरम होण्याचा आवाजाशी संबंध नाही. सातही चॅनेलचा बायस करंट (ट्रान्झिस्टर तयार ठेवणारा प्रवाह) कायम वाहत असतो, स्पीकर जोडलेला असो वा नसो. त्यात एचडीएमआय आणि डीएसपीचे (आवाजावर प्रक्रिया करणारे) चिप. बातम्यांना इको मोड लावा, ‘मल्टी चॅनेल स्टिरिओ’ (सगळ्या स्पीकरवर तोच आवाज) नको.

निवांत_डेसिबल

एआरसीचं मी सांगतो. आधी पेन ड्राइव्ह किंवा एफएम तासभर लावून ठेवा. तिथे आवाज तुटला नाही तर अ‍ॅम्प्लिफायरला दोष नाही, गडबड टीव्ही ते रिसीव्हर या दुव्यात आहे. मग टीव्हीचं डिजिटल आउटपुट पीसीएम (साधा, न दाबलेला डिजिटल आवाज) करून एक संध्याकाळ पाहा. तुटणं थांबलं तर फॉरमॅट बदलताना रिसीव्हर नव्याने लॉक होतोय: सेट-टॉप बॉक्सवर कार्यक्रम ५.१ आणि जाहिरात स्टिरिओ असली की प्रत्येक वेळी क्षणभर म्यूट होणारच. तो बिघाड नाही. बॉक्समध्येच आउटपुट स्टिरिओ पीसीएम करून टाका, रिसीव्हर डॉल्बी सराउंडने पसरवून घेईल. पीसीएमवरही तुटत असेल तर केबल बदला, शक्यतो ३ मीटरच्या आत.

ओठांचा प्रश्न वेगळा. रिसीव्हर आवाज फक्त उशिरा करू शकतो, लवकर नाही. त्यामुळे आवाज मागे असताना ऑडिओ डिले वाढवत बसलात तर आणखी बिघडेल. तो शून्य करा. टीव्हीतलाही शून्य. पीसीएमची चाचणी झाली की टीव्हीचं आउटपुट ‘ऑटो’ऐवजी ‘पास-थ्रू’ ठेवा, म्हणजे टीव्ही डीकोड करून पुन्हा एन्कोड करत बसत नाही. टीव्ही गेम मोडमध्ये असेल तर काढा: त्यात चित्र लवकर येतं आणि आवाज आणखी मागे वाटतो. ओटीटीची पेटी असेल तर ती थेट रिसीव्हरच्या एचडीएमआयला लावा, हा वादच मिटतो. तुमच्या रिसीव्हरला ईएआरसी (एआरसीची सुधारित आवृत्ती) आहे का पाहा. साधं एआरसी २००९च्या एचडीएमआय १.४ मधलं, त्यावरून ब्ल्यू-रेचा ट्रूएचडी (डॉल्बीचा उच्च दर्जाचा ऑडिओ फॉरमॅट) जात नाही, ईएआरसी २.१ सोबत २०१७ साली आलं.

तांब्याची_तार यांच्याशी एका बाबतीत असहमत. एरवी ८ ओहमच बरोबर, पण फॅन बसेपर्यंतचे मे-जून ४ वर काढायला काय हरकत आहे? -१२ वर पीकला ४० वॅटच लागताहेत.

तांब्याची_तार

‘स्मॉल’ केल्यावर हरकत नाही. ‘लार्ज’ आणि ४ ओहम सेटिंग एकत्र मात्र नको, बासवर क्लिपिंग होऊन ट्वीटर जायची भीती.

अजून एक. घरात कूलर असेल तर त्याचा झोत युनिटवर नको. दमट हवा आणि धूळ मिळून बोर्डावर जो लेप बसतो तो उष्णताही अडवतो आणि ओलाव्यात थोडी वीजही वाहू देतो. झाकण काढून ब्लोअर आणि मऊ ब्रशने साफ करा. त्याआधी प्लग काढून तासभर थांबा, मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरलेला असतो. व्हॅक्यूम क्लीनरचं प्लास्टिकचं तोंड बोर्डाला लावू नका, स्टॅटिकने चिप जातात. एवढं करूनही एकाच बाजूचा हीट सिंक आवाज नसताना जास्त तापला, तर त्या चॅनेलचा बायस सरकला असेल. तेव्हा मेकॅनिकला बोलवा, आणि बोर्ड बदलण्याआधी सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे बायस मोजून दाखव म्हणा.

वऱ्हाडी_सूर

सगळ्यांचे आभार. मागची जोडी सराउंड बॅकला नेतो, सुतार रविवारी येतोय. कॅलिब्रेशन पुन्हा करावं लागेल ना? मागच्या खेपेला मधेच ‘नॉइज जास्त आहे’ असं दाखवत होतं.

ओहमकार

करावंच लागेल, चॅनेल वाढले. कूलर, सीलिंग फॅन आणि कप्प्यातले नवे फॅनही बंद करून मोजा, शक्यतो रात्री. माइक सोफ्याच्या पाठीवर ठेवू नका. ट्रायपॉडवर, कानाच्या उंचीला, तोंड छताकडे. पहिली जागा नेमकी तुमच्या डोक्याची, बाकीच्या तिच्या आजूबाजूला अर्ध्या मीटरच्या आत, जितक्या मागेल तितक्या सगळ्या. मोजून झालं की पुढचे पुन्हा ‘लार्ज’ आलेले दिसतील, ते आधी ‘स्मॉल’ करा.