रीफ टँकचं स्टँड: कोकणात सुतार नको, गवंडी बोलवा

जांभादगड
मत आधी सांगतो, मग काय हाणायचं ते हाणा. कोकणात तळमजल्याचं घर असेल आणि खाऱ्या पाण्याचा रीफ टँक, म्हणजे प्रवाळ ठेवायची काचेची पेटी, करायचा असेल, तर लाकडी कॅबिनेटच्या फंदात पडू नका. चिऱ्याचे (जांभा दगडाचे) तीन खांब, वर कडप्पा, झालं स्टँड.

वजनाचा हिशोब बघा. ४ x २ x २ फुटांचा टँक म्हणजे १६ घनफूट, साधारण ४५० लिटर. खारं पाणी गोड्यापेक्षा जड, त्यामुळे नुसतं पाणीच ४६० किलोच्या आसपास. १२ एमएमची काच ८०-९० किलो. त्यात दगड, वाळू आणि खालच्या सम्पचं, म्हणजे पाणी गाळणाऱ्या टाकीचं, पाणी धरलं की ७०० किलो सहज होतात. आणि हे सगळं ८ चौरस फुटांवर, रात्रंदिवस. तयार मिळणारी कॅबिनेटं बहुतेक पार्टिकल बोर्डची नाहीतर एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांची. आपल्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या पट्ट्यांना आणि चपलांना बुरशी येते, तिथे उघड्या पाण्यावर एमडीएफ? कडेची पट्टी जरा सुटली की बोर्ड पाणी ओढतो, फुगतो आणि कामातून जातो. काचेला वजन झेपतं, पीळ झेपत नाही. एक कोपरा थोडा जरी बसला तरी सिलिकॉनच्या जोडावर ताण आलाच.

चिरा फुगत नाही आणि त्याला वाळवी खात नाही. आणखी काय पाहिजे?

रंधा_पटाशी
साफ असहमत. पार्टिकल बोर्डला शिव्या घाला, मीही घालतो. पण त्याच्या पापाचं खापर सगळ्या लाकडावर का?

एक तर चिरा पाणी पितो. रीफ टँकमध्ये रोज काही ना काही सांडतं, पंपाचे तुषार उडतात, नळीच्या जोडांवर मिठाचा पांढरा थर चढतो. ते मीठ जांभ्यात मुरलं की लोणा लागणार, म्हणजे खाराने दगड भुरभुरणार. गिलावा केलात तर तो पापुद्रे काढून पडेल.

दुसरं, साधं गणित. नऊ इंची तीन खांब म्हणजे २७ इंच दगडातच गेले. ४८ मधून उरले २१. दोन खण, प्रत्येकी साडेदहा इंचांचे. त्यात सम्प कुठे बसवणार? स्किमर (पाण्यातली घाण फेसासकट काढणारं यंत्र) कुठे ठेवणार? डोक्यावर?

लाकडात करायचं तर आयनाचं लाकूड किंवा जुनं सागवान चौकटीला आणि आयएस ७१० छापाचं (ओलाव्यात टिकणारं) मरीन प्लाय बाजूंना. प्लायच्या कापलेल्या कडा इपॉक्सीने बंद करायच्या, स्क्रूची भोकंसुद्धा. खरी मेख सांध्यात आहे. वरच्या चौकटीचं वजन उभ्या पायांच्या डोक्यावर बसलं पाहिजे, स्क्रूवर लटकता कामा नये. मी तपासतो ते असं: पाय आणि वरची पट्टी यांच्या फटीत लग्नपत्रिकेचा कागद सारून बघायचा. कागद सरकला तर ते स्टँड परत रंध्याखाली. आणि बिजागऱ्या एसएस (स्टेनलेस स्टील) ३१६ च्या मिळाल्या तर घ्या. ३०४ सुद्धा खाऱ्या दमट हवेत हळूहळू तांबूस पडतं. ३१६ मध्ये मोलिब्डेनम असतं, ते मिठाला जास्त दाद देत नाही.

जांभादगड
सम्प खांबांमध्ये घालायचाच नाही, मालक. टँक बाहेरच्या भिंतीला लावा, भिंतीला दोन भोकं पाडा आणि सम्प पडवीत ठेवा. पंपाचा आवाज पडवीत, चिलरची (पाणी थंड करणाऱ्या यंत्राची) गरम हवा पडवीत, सांडलंच तर पडवीत. चिलर बंद कॅबिनेटमध्ये कोंडून स्वतःचीच गरम हवा परत ओढत बसतो, तो प्रकारच संपला. लोणा लागण्याचं म्हणाल तर गिलावा करू नका, उघडा चिरा ठेवा आणि खालच्या दोन थरांना टाइल लावा.

दुसरा_मजला
पडवी असणाऱ्यांचं बरं आहे. आम्ही रत्नागिरीत फ्लॅटमध्ये राहतो, आणि हा धागा वाचून कोणी वरच्या मजल्यावर चिरे चढवू नयेत म्हणून लिहितोय.

राहत्या खोलीचा स्लॅब आयएस ८७५ च्या भाग २ प्रमाणे दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो चालत्या (माणसं-सामानाच्या) भाराला धरलेला असतो. हा टँक ०.७४ चौरस मीटरवर ७०० किलो टाकतो. म्हणून स्लॅब लगेच खाली येतो असं नाही. बाकीची खोली रिकामी असते आणि भार आजूबाजूला वाटला जातो. पण टँक बीमवरच्या भिंतीलगतच हवा, खोलीच्या मधोमध नको. बाल्कनीत तर अजिबात नको. आता त्यात दगड मिळवा. दोन फूट खोल, नऊ इंच रुंद, अडीच फूट उंच असे तीन खांब म्हणजे ११ घनफुटांवर जांभा. जवळपास टँकइतकंच वजन पुन्हा. लोखंडी चौकोनी पाइपची चौकट पन्नासेक किलोत होते. गंज चढतो हे खरं, पण गॅल्व्हनाइज्ड पाइप घेऊन वेल्डिंगच्या जागा नीट रंगवल्या तर निभतं. शंका असेल तर स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवा. त्याची फी टँकच्या एका दिव्याहून कमी असेल.

मचवा
अरे झिला, दर्या दारात आसा आणि तू घरात पेटी कित्याक भरतंस?

स्टँडवर तुम्ही खुशाल भांडा. मला त्या पेटीत काय जाणार याची काळजी आहे. ओहोटीला खडकावरून ‘लाइव्ह रॉक’, म्हणजे जीव चिकटलेला दगड, उचलून आणणारे मी मालवणात पाहिले आहेत. इथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. आणि अभयारण्याबाहेरसुद्धा कठीण प्रवाळ, काळं प्रवाळ, समुद्रपंखे हे सगळे १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. मेलेला तुकडा शोकेसमध्ये ठेवलात तरी गुन्हाच. दुकानदार ‘इम्पोर्टेड आहे’ म्हणेल. कागद दाखव म्हणा.

वाडीकरीण
मचवादादा, कायद्याबद्दल शंभर टक्के सहमत, ‘कित्याक’बद्दल (कशाला करायचं याबद्दल) नाही. कोरडा दगड विकत मिळतो. त्यावर जिवाणू बसू द्यायचे, अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत महिना-दीड महिना धीर धरायचा. क्लाउनफिश टाक्यांत वाढवलेले मिळतात, सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने) आपल्या देशात त्यांचं प्रजनन करून दाखवलंय. समुद्रातला एक चमचा जीवही न उचलता टँक उभा राहतो. उलट स्नॉर्कलिंगला येऊन प्रवाळावर पाय ठेवून उभे राहणारे पर्यटक बघा, त्यांना तो दगडच वाटतो. घरात प्रवाळाचा एक तुकडा रोज उघडता-मिटताना बघितलेलं पोर तिथे पाय ठेवणार नाही.

मचवा
पोराला शिकवायला तुकडा कशाला, होडीत बसव. आणि तो उघडणारा-मिटणारा तुकडा आला कुठून, ते सांगितलं नाहीस.

वाडीकरीण
दादा, माझ्याकडे कठीण प्रवाळ नाहीच. ॲनिमोनही (क्लाउनफिश ज्याच्या आसऱ्याने राहतो तो समुद्री जीव) नाही, क्लाउनला ते लागतंच असं नाही. मऊ प्रवाळ आहेत, टाकीत वाढवलेले, बिलासकट.

समुद्र दारात असला तरी पाणी मी तिथून आणत नाही, हे नवख्यांसाठी मुद्दाम लिहिते. पावसाळ्यात कर्ली आणि गडनदीचं गोडं, गढूळ पाणी किनाऱ्याला पसरतं आणि क्षारता कोसळते. बंदरालगत डिझेलचा तवंग असतो, तो वेगळाच. प्रवाळांना घनता १.०२५ च्या आसपास स्थिर लागते. आरओ-डीआयच्या (गाळून क्षार काढलेल्या) पाण्यात लिटरला ३६ ते ३८ ग्रॅम मीठ हेच परवडतं.

आता मुख्य. तुमचा वाद चिरा की सागवान. कोकणात टँक मरतो तो वीज आणि उकाडा यांनी. पुण्याचे लोक सांगतात, पाण्यावर पंखे लावा, तापमान तीन-चार अंशांनी उतरतं. उतरतं, कारण तिथे हवा कोरडी आणि पाणी झटकन उडतं. इथे मे महिन्यात हवाच पाण्याने गच्च असते, तर उडणार कुठे? पंखा फिरत राहतो आणि पाणी ३१ वरून हलत नाही. प्रवाळांना २५-२६ हवं. म्हणजे चिलर आलाच, आणि चिलर म्हणजे वीज. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळानंतर श्रीवर्धन-दिवेआगरकडे किती दिवस अंधार होता आठवा. त्यानंतर मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’. पाणी हलायचं थांबलं की काही तासांत प्राणवायू घटतो. स्टँडचे पैसे वाचवा आणि इन्व्हर्टरवर निदान एक प्रवाहाचा पंप लावा. चिलर इन्व्हर्टरवर चालवायची स्वप्नं नकोत.

रंधा_पटाशी
ताईंच्या मुद्द्यात स्टँडचं कामही आहे. वीज गेली की पंप बंद पडतो आणि टँकमधलं वरचं पाणी नळीवाटे सम्पमध्ये उतरतं. सम्प गळ्यापर्यंत भरलेला असेल तर ते जमिनीवर येणार. सॉकेट कॅबिनेटच्या तळाशी लावलेली असतील तर पुढचं बोलायलाच नको. बोर्ड उंचावर, प्रत्येक वायरला प्लगच्या खाली झोल, आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच). जांभादगड, तुमच्या पडवीतल्या सम्पला हे सगळं उघड्यावर करणार का? वळवाचा पाऊस तिरका येतो.

जांभादगड
पडवीला झडपा असतात हो. आणि बोर्ड भिंतीच्या आतच राहील, वायर त्याच भोकातून जाईल.

दुसरा_मजला
त्याच भोकातून नको, पाणी वायरवरून ओघळत आत येईल. वेगळं भोक पाडा, थोडं वर, बाहेरच्या बाजूला उतार देऊन.

रंधा_पटाशी
म्हणजे आता तीन भोकं झाली. गवंड्याचा दर काय चाललाय तुमच्याकडे? मी आयनाच्या चौकटीचा सांगतो, मग बघू कोण स्वस्त पडतं.