मुलीला कॉन्सर्ट पियानिस्ट व्हायचंय: पुण्यात राहून तयारी कशी करावी?

कोथरूडची_आई

मुलगी आठवीत आहे. एबीआरएसएमची (ब्रिटनचं संगीत परीक्षा मंडळ) सहावी ग्रेड झाली, पाचवीची थिअरी अर्थात आधीच दिली होती. घरी 88 पट्ट्यांचा डिजिटल पियानो आहे, रोज साधारण दीड तास बसते. तिला मैफलीत एकटीने वाजवणारी पियानिस्टच व्हायचंय, आणि हे तात्पुरतं खूळ वाटत नाही. आठवी ग्रेड करून बारावीनंतर परदेशात प्रवेशासाठी प्रयत्न करावा, असं डोक्यात आहे. हे बरोबर आहे का? आणि खरा पियानो आत्ताच घ्यावा की नंतर? आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो.

काळी_पांढरी

आठवी ग्रेड झाली म्हणजे प्रवेशाची तयारी झाली, असं धरू नका. ग्रेडला तीन पीस, स्केल्स, साइट रीडिंग (आधी न पाहिलेलं नोटेशन बघून लगेच वाजवणं) आणि ऑरल (कानाची चाचणी), आणि पीस नोटेशन समोर ठेवून वाजवले तरी चालतात. कॉन्झर्वेटरीच्या (संगीत महाविद्यालयाच्या) ऑडिशनला बहुतेक ठिकाणी बाखचा प्रेल्यूड आणि फ्यूग (एकच धून अनेक आवाजांत, म्हणजे स्वरओळींत, गुंफलेली रचना), हायडन, मोझार्ट किंवा बेथोवनचा सोनाटा, शोपँ किंवा लिस्टचे एक-दोन एट्यूड (तंत्राचा कस लावणाऱ्या रचना) आणि एखादी मोठी रोमँटिक रचना मागतात, तीही बहुधा पाठ. व्हिडिओवर होणाऱ्या परफॉर्मन्स ग्रेडच्या वाटेला शक्यतो जाऊ नका. त्यात साइट रीडिंग आणि ऑरल नसतं, आणि पुढे नेमकं तेच कच्चं राहतं.

आता तारखा उलट मोजा. ब्रिटनमधल्या बहुतेक कॉन्झर्वेटरींचे अर्ज यूकॅस या सामाईक प्रवेशसंस्थेमार्फत जातात आणि संगीताची मुदत प्रवेशाच्या आदल्या वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला संपते. म्हणजे बारावी सुरू होऊन जेमतेम चार महिने झालेले असतात. तेव्हा कार्यक्रम अकरावीच्या जूनमध्ये ठरला पाहिजे, वर्षाअखेर पाठ झाला पाहिजे आणि नंतर दोन-तीनदा लोकांसमोर वाजवून झाला पाहिजे. जर्मनीचा विचार असेल तर नववीपासूनच मॅक्स म्युलर भवनात जर्मन सुरू करा. तिथल्या प्रवेश परीक्षेत थिअरी आणि कानाचीही चाचणी असते. सरकारी संस्थांत शिक्षणशुल्क बहुतेक राज्यांत नाही, पण श्टुटगार्ट, फ्रायबुर्ग ज्या राज्यात येतात त्या बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्यांना सेमिस्टरला 1500 युरो पडतात.

पाठ करण्याची पद्धत मात्र आत्तापासून बदला. तीन आवाजांचा फ्यूग असेल तर प्रत्येक आवाज वेगळा वाजवायचा, पण शेवटी जी बोटं वापरायची आहेत त्याच बोटांनी. मधला आवाज कधी डाव्या तर कधी उजव्या हातात जातो. तो सोयीसाठी एकाच हाताने बसवला की बोटं बदलतात आणि एकत्र वाजवताना नेमकं तिथेच अडखळायला होतं. मग एक आवाज गायचा आणि उरलेले दोन वाजवायचे. शेवटी आठ-दहा जागा ठरवून त्यातल्या कुठूनही सुरू करता यायला हवं. नुसत्या हाताच्या सवयीवर पाठ केलेला फ्यूग मंचावर तुटला, तर पहिल्या मापापासून सुरू करण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

सूर_440

पियानो आत्ताच घ्या. साध्या डिजिटलवर पेडल बहुधा फक्त चालू किंवा बंद एवढंच असतं, त्यामुळे अर्धं पेडल (पूर्ण न दाबता वापरणं) पायात बसतच नाही. ग्रँड (आडवा पियानो) नाही परवडला तर 121 ते 131 सेंटिमीटर उंचीचा जुना जपानी अप्राइट (उभा पियानो) बघा. यामाहाचा यू-1 121 चा आणि यू-3 131 चा.

बघायला जाताना टॉर्च आणि फोनवर सूर मोजायचं ॲप न्या. मधला ए हा सूर 440 हर्ट्झला असायला हवा. 425 च्या आसपास दिसला तर पियानो सेमीटोनच्या निम्म्याहून जास्त उतरलेला आहे. तो वर ओढताना गंजलेल्या तारा तुटू शकतात, आणि एका ट्यूनिंगमध्ये सूर टिकत नाही. खालचं झाकण काढून वाळवीची माती दिसते का पाहा. हॅमरच्या (तारेवर आपटणाऱ्या हातोड्यांच्या) आणि डॅम्परच्या (तारेचा आवाज थांबवणाऱ्या भागाच्या) फेल्टला कसर लागली आहे का तेही पाहा. हॅमरवर तारांच्या खोल चरी पडल्या असतील तर आवाज कर्कश येतो. थोड्या चरी घासून निघतात. सगळ्यात महाग पडणारा दोष म्हणजे सैल ट्यूनिंग पिना (ज्यांना तारा गुंडाळलेल्या असतात). पिना लाकडात घट्ट बसत नसतील तर ट्यूनर आठवड्याने पुन्हा बोलवावा लागेल. हे ट्यूनरलाच पान्याने तपासू द्या, त्याची फी वाचवू नका.

पुण्याच्या हवेत एप्रिल-मेचा कोरडेपणा आणि जुलैची दमट हवा यांत मोठा फरक पडतो. पावसाळ्यात साउंडबोर्ड (तारांमागची लाकडी फळी) फुगतो, मधल्या सप्तकांचा सूर चढतो, आणि पट्ट्यांच्या भोकांतलं फेल्ट फुगून पट्टी दाबली की वर येत नाही. म्हणून बाहेरच्या भिंतीला किंवा खिडकीखाली ठेवू नका, आर्द्रता मोजायचा छोटा मीटर ठेवा आणि ती 40 ते 60 टक्क्यांत ठेवायचा प्रयत्न करा. ट्यूनिंग वर्षातून दोनदा, त्यातलं एक पाऊस पूर्ण ओसरल्यावर, नोव्हेंबरात. भर पावसाळ्यात केलेलं ट्यूनिंग हवा कोरडी झाली की उतरतं.

वजन सव्वादोनशे किलोच्या आसपास आणि लांबी दीड मीटर. लिफ्टची खोली आणि जिन्याच्या वळणाची रुंदी आधी मोजा. घरी आल्यावर दोन-तीन आठवडे हवेशी जुळू द्या, मगच ट्यून करा. दुपारी एक ते चार आवाज दबवणारं मधलं पेडल लावा, म्हणजे शेजाऱ्यांची तक्रार येणार नाही. पण कायम त्यावर रियाज नको, बोटांना आवाजाचा अंदाज राहत नाही.

कोथरूडची_आई

दोघांचेही मनापासून आभार. एक राहिलं: तास उलटला की तिच्या उजव्या हाताला मनगटाच्या वर दुखतं. मग रियाज वाढवायचा कसा?

काळी_पांढरी

दुखतंय तोवर वाढवायचा नाही. आधी बैठक बघा: कोपर पट्ट्यांच्या पातळीला किंवा किंचित वर, पाय जमिनीवर टेकलेले. खुर्चीवर उशी ठेवून चालत नाही, उंची बदलणारा स्टूल घ्या. बहुतेकदा कारण एकच असतं: पट्टी तळाला गेल्यावरही बोट जोर लावून दाबत राहतं. सूर निघून गेलेला असतो, त्या जोराने आवाजात काही भर पडत नाही, फक्त दंडापासून बोटापर्यंतचे स्नायू ताठ राहतात. ऑक्टेव्ह आणि वेगाचे एट्यूड सध्या बंद. 25-30 मिनिटं वाजवून दहा मिनिटं पूर्ण विश्रांती. दोन आठवड्यांत कमी झालं नाही किंवा मुंग्या येऊ लागल्या तर हाताच्या डॉक्टरांना दाखवा. दुखण्यावर गोळी घेऊन वाजवणं हा सगळ्यात वाईट पर्याय.

साथसंगत

पैशांचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. फक्त एकल मैफलींवर पोट भरणारे जगातही थोडेच. बाकी उत्तम पियानिस्ट शिकवतात, गायक-व्हायोलिनवादकांना साथ करतात, ऑपेराच्या तालमी घेतात. मोठ्या स्पर्धांना वयाची अटही असते. वॉर्सातल्या शोपँ स्पर्धेला 2025 मध्ये 16 ते 30 वयोगट होता, आणि ती साधारण पाच वर्षांनी एकदा होते, म्हणजे एखादीला फार तर तीन संधी.

म्हणून साइट रीडिंग रोज 15 मिनिटं, न चुकता: तिच्या पातळीहून दोन ग्रेड सोपं, दर वेळी नवं, न थांबता, चुकलं तरी पुढे जात. सोबत एखाद्या व्हायोलिन शिकणाऱ्या मुलाला साथ करायला बसवा. दुसऱ्याच्या श्वासाबरोबर वाजवणं एकट्याच्या रियाजात येत नाही. आणि ऐकायला न्या: कॅम्पात माझदा हॉलला कार्यक्रम होतात, मोठ्या मैफलींसाठी मुंबईला एनसीपीए हे कलाकेंद्र.